फोल्डइट: विगल दाबून दाबून थकलो, स्कोअर जागचा हलत नाही

सांजसकाळ
फोल्डइट (प्रथिनाच्या साखळीची घडी घालायचा संगणकावरचा खेळ; घडी जितकी चांगली तितका स्कोअर जास्त) खेळणारे इथे काही जण आहेत, म्हणून धागा काढतोय. सरावाची कोडी संपली. आता एक रिव्हिजिटिंग, म्हणजे पुन्हा दिलेलं जुनं, कोडं घेतलंय: ६२ सेगमेंट (साखळीतली अमिनो आम्लं), तीन पट्ट्यांची शीट, तिच्यावर आडवा एक हेलिक्स (मळसूत्रासारखा वेढा), सहा सिस्टिन (गंधक असलेलं अमिनो आम्ल). शेक, विगल, शेक, विगल करत ९१४० पर्यंत पोचलो. त्यापुढे विगल अर्धा तास चालू ठेवलं तरी फक्त दशांश चिन्हापुढचे आकडे हलतात. यादीतले वरचे लोक ९५०० च्या पुढे आहेत. लाल काटेरी गोळे एकही शिल्लक नाही, म्हणजे टकरी मिटल्यात. मग अडतंय कुठे?
दुसरा प्रश्न जरा वाकडा आहे. हेच काम अल्फाफोल्ड (अमिनो आम्लांच्या क्रमावरून घडी ओळखणारा एआय प्रोग्राम) काही मिनिटांत करत असेल, तर हा उपद्व्याप कशासाठी?

पेप्टाइडपंत
पहिल्या प्रश्नाचं उत्तर: तुम्ही दरीत बसला आहात. विगल फक्त उतार शोधतं. ऊर्जा कमी होईल त्या दिशेला साखळी थोडी थोडी सरकवत जातं आणि सगळीकडून चढ लागला की थांबतं. शेक तर पाठकण्याला, म्हणजे मुख्य साखळीला, हातच लावत नाही, फक्त बाजूच्या साखळ्या ठरावीक कोनांमध्ये फिरवून बघतं. त्यामुळे दोन्ही मिळून तुम्ही आहात त्याच दरीचा तळ घासूनपुसून लख्ख करताय. शेजारची दरी खोल असली तरी मधला डोंगर ओलांडायला ही दोन बटणं पुरत नाहीत.

डोंगर बुटका करायचा असेल तर क्लॅशिंग इम्पॉर्टन्सचा स्लायडर वापरा. तो १ वरून ०.०५ वर आणला की अणू एकमेकांत घुसले तरी फारसा दंड बसत नाही. तिथे शेक एकदाच. मग स्लायडर १ वर नेऊन विगल. पुन्हा ०.०७ वर शेक, ०.३ वर थोडं विगल, परत १ वर विगल. याला फ्यूझ करणं म्हणतात. खाली असताना स्कोअर धाडकन पडेल, त्याला घाबरायचं नाही. पण ०.०५ वर विगल चालू ठेवून जेवायला जाऊ नका. परत याल तेव्हा सगळी साखळी एका गोळ्यात चेपलेली असेल आणि ती सरळ होणार नाही.

टवाळखोर
विगल म्हणजे वळवळ, शेक म्हणजे झटकणं. म्हणजे धाग्याचं नाव 'वळवळ करून दमलो' असं हवं होतं. ह.घ्या.

लुआवाला
पंतांनी सांगितलेलं हाताने करायची गरज नाही. ब्लू फ्यूझ नावाची रेसिपी (खेळात आपोआप चालणारी स्क्रिप्ट) नेमकं तेच करते, खेळाच्या कुकबुकमधून उतरवून घ्या. गंमत म्हणजे खेळाडूंनी स्वतःच जमवलेली ही पाककृती आणि खेळामागच्या बेकर प्रयोगशाळेतल्या लोकांनी त्याच सुमारास लिहिलेलं, तेव्हा प्रसिद्धही न झालेलं फास्ट रिलॅक्स हे तंत्र, दोन्ही जवळजवळ एकच निघाले. त्यावर २०११ मध्ये शोधनिबंध आहे.

स्वतः लिहायची तर लुआ ही प्रोग्रामिंग भाषा पुरेशी आहे. सांगाडा इतकाच: आत्ताचा स्कोअर टिपून ठेवा, स्थिती क्विकसेव्हमध्ये टाका, काहीतरी मोडतोड करा, फ्यूझ करा, स्कोअर वाढला तर नवी स्थिती ठेवा, नाहीतर जुनी परत आणा. नवीन लोकांच्या दोन चुका ठरलेल्या. एक, विगलच्या फेऱ्यांचा आकडा २५ वगैरे ठेवतात. सुरुवातीला दोन-तीन पुरतात, उरलेला वेळ दशांशांत जातो. दोन, ऑब्जेक्टिव्ह, म्हणजे कोड्याच्या जादा अटी, चालू ठेवून रेसिपी सोडतात. प्रत्येक पावलाला प्रोग्राम सगळ्या अटी पुन्हा मोजत बसतो आणि डिझाइन कोड्यात (नवं प्रथिन रचायच्या) वेग रडतखडत येतो. मोडतोड चालू असताना अटी बंद, स्कोअर तपासताना चालू.

विगल पॉवरही बघा. आधी लो, मग मीडियम, हाय शेवटच्या दिवशी.

कुरडई
लुआवाले, तुमच्या सल्ल्याने हा मुलगा रात्रभर संगणक तापवेल आणि सकाळी ९१६० वर असेल. ३६० गुणांचा फरक फ्यूझने भरत नाही. आकारच कुठेतरी चुकला आहे. आकार चुकला असताना रेसिपी लावणं म्हणजे भिंत तिरकी बांधून वर चुना मारणं.

@सांजसकाळ, आधी डोळ्यांनी बघा. रंग हायड्रोफोबिक वर लावा. नारिंगी बाजूच्या साखळ्यांना पाणी नकोसं असतं, त्या आत हव्यात, निळ्या बाहेर. शीटच्या पट्टीत एकाआड एक सेगमेंट विरुद्ध बाजूला तोंड करतो, म्हणून हेलिक्सकडे तोंड करणारी ओळ नारिंगी दिसायला हवी. तीनही पट्ट्यांसाठी हे तपासा. मग सिस्टिनच्या जोड्या बघा. सहा आहेत म्हणजे बहुधा तीन डायसल्फाइड बंध. सल्फर ते सल्फर अंतर २ अँगस्ट्रॉमच्या आसपास आलं की जोडी जमली. सेगमेंटवर कर्सर नेऊन टॅब दाबलं की त्या एका सेगमेंटचा स्कोअर तुकड्यातुकड्याने दिसतो: क्लॅशिंग, पॅकिंग, हायडिंग, बाँडिंग, आयडिॲलिटी, बॅकबोन. सगळ्यात वाईट पाच-सहा सेगमेंट इथे लिहा.

सांजसकाळ
धन्यवाद ताई. घरी जाऊन बघतो आणि लिहितो.

लुआवाला
भिंतीची उपमा मान्य, पण सरसकट नाही. डीआरडब्ल्यूसारख्या रेसिपी चुना मारत नाहीत, सगळ्यात वाईट स्कोअरचे तुकडे पाडून पुन्हा बांधतात. लूपमध्ये, म्हणजे पट्ट्या-हेलिक्सना जोडणाऱ्या वळणांत, हे हातापेक्षा चांगलं होतं. तीन ते नऊ सेगमेंट निवडून रीमिक्स केलं की खऱ्या प्रथिनांत सापडणारे तुकडे त्या जागी बसवून बघता येतात. माणूस किती बघणार?

कुरडई
लूपसाठी मान्य. पट्टी चुकीच्या जागी असेल तर डीआरडब्ल्यू जन्मात ती सरकवणार नाही, कारण मधल्या प्रत्येक पायरीवर स्कोअर पडतो आणि रेसिपी मागे फिरते.

पेप्टाइडपंत
+१. पायरी तोट्याची आहे हे माहीत असूनही ती उतरायची तयारी, हे माणसाचं काम. २०१० च्या नेचरमधल्या निबंधात खेळाडूंचं नेमकं हेच वेगळेपण दाखवलं होतं. मोठी पडझड पत्करून ते पुढे गेले, रोझेटाचा आपोआप चालणारा शोध तिथे अडकला. मात्र सुरुवात पूर्ण सरळ साखळीपासून असली की माणसंही चाचपडत होती, हेही त्याच निबंधात आहे.

अर्धवटराव
रोझेटा म्हणजे ते स्क्रीनसेव्हरवालं का? फोल्डिंग ॲट होम?

पेप्टाइडपंत
दोन वेगळ्या गोष्टी. रोझेटा ॲट होम वॉशिंग्टन विद्यापीठाचं, २००५ पासून. लोकांच्या रिकाम्या संगणकांवर घड्या शोधायचं. स्क्रीनसेव्हरवर साखळी वळवळताना दिसायची आणि लोक कळवू लागले की हा भाग उघड चुकतोय, आम्हाला हात लावू द्या. त्यातून मे २००८ मध्ये फोल्डइट आलं. आतलं यंत्र रोझेटाचंच, खेळातला स्कोअर म्हणजे रोझेटाच्या ऊर्जेचं चिन्ह उलटं करून वाढवलेला आकडा. फोल्डिंग ॲट होम मूळ स्टॅनफर्डचं. तिथे अणूंची हालचाल वेळेनुसार कशी होते ते मोजतात, तुम्ही फक्त वीज आणि संगणक देता.

क्षकिरण
दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. पण आधी एक गैरसमज खोडतो, नाहीतर दहा प्रतिसादांत कुणीतरी लिहीलच की 'गेमर्सनी एड्सचं औषध शोधलं'. तसं काही झालं नाही. २०११ मध्ये जे सुटलं ते मेसन-फायझर मंकी व्हायरसच्या प्रोटिएझचं (प्रथिनं कापणाऱ्या एन्झाइमचं) रूप. तो माकडांतला विषाणू. त्याचे स्फटिक होते, क्ष-किरणांच्या नोंदीही होत्या, पण नोंदींतून रचना काढायला आधी एक अंदाजी मॉडेल लागतं आणि ते दहा वर्षांहून जास्त काळ कुणाला पुरेसं बरोबर जमलं नव्हतं. फोल्डइटवर कोडं तीन आठवडे होतं. एका गटात तीन खेळाडूंनी एकापाठोपाठ एकाच उत्तरावर काम केलं आणि शेवटच्याने बाहेर लोंबणारा फ्लॅप मुख्य अंगाजवळ आत खोचला. एवढ्याने मॉडेल नोंदींशी जुळण्याइतकं नीट झालं. बाकीचं स्फटिकवाल्यांनी पुरं केलं. लेखकांच्या यादीत खेळाडूंच्या गटांची नावं आहेत.

आता अल्फाफोल्ड. नैसर्गिक प्रथिन असेल, त्याचे नातेवाईक क्रम भरपूर सापडत असतील, तर अल्फाफोल्डशी स्पर्धा करू नका, हराल. म्हणून रिव्हिजिटिंग कोडी ही तालीम समजा. खेळाचं वजन आता तीन ठिकाणी आहे. नवीन प्रथिनं रचणं, छोटा रेणू आणि तो जिथे बसतो तो प्रथिनातला खिसा जुळवणं, आणि क्ष-किरणांच्या नोंदींतून मिळणाऱ्या इलेक्ट्रॉन घनतेच्या नकाशात साखळी बसवणं. २०१६ मध्ये नकाशाची स्पर्धा झाली होती: विद्यार्थी, कसलेले स्फटिकशास्त्रज्ञ, स्वयंचलित प्रोग्राम आणि फोल्डइटचे खेळाडू. उजवं मॉडेल खेळाडूंचं निघालं.

टवाळखोर
म्हणजे अल्फाफोल्ड आला तरी कामवाल्या बाईंची नोकरी पक्की. घडी घालायला माणूसच लागतो.

कुरडई
टवाळखोर, साडीची घडी घालताना निदान काठ कुठे आहे ते दिसतो. इथे काठही शोधायचा.

मावशी_आरएनए
डिझाइनबद्दल क्षकिरण यांनी एका वाक्यात गुंडाळलं, खरी मजा तिथेच आहे. सुरुवातीला खेळाडूंना मोकळं सोडलं तेव्हा वरच्या स्कोअरची उत्तरं म्हणजे लांबच लांब हेलिक्स, मध्ये गाभाच नाही. खेळात गुण भरपूर, परीक्षानळीत असली साखळी घडी घालणार नाही. दोष खेळाडूंचा नव्हता, स्कोअरमध्ये भोक होतं आणि त्यांनी ते शोधलं. मग गाभा हवाच अशी अट आली, लूप आदर्श आकाराचे हवेत अशी अट आली. पुढे १४६ रचना प्रयोगशाळेत बनवून पाहिल्या, त्यांतल्या ५६ नीट घडी घालून टिकल्या आणि त्यांत २० वेगवेगळे आकार होते. हे २०१९ चं नेचर.

डिझाइनला बसणार असाल तर चार गोष्टी. हेलिक्सच्या मधोमध प्रोलिन टाकू नका, तिथे हायड्रोजन बंध तुटतो आणि कणा वाकतो. पहिल्या वळणात चालतं. घट्ट वळणाला ग्लायसिन. गाभ्यात नुसतं ॲलानिन भरून गुण मिळवायला जाऊ नका, ॲलानिन लहान असल्याने पोकळ्या राहतात, त्या लाल बुडबुड्यांनी दिसतात. आणि हेलिक्स मोजून करा: एका वेढ्याला ३.६ सेगमेंट, प्रत्येक सेगमेंटला १.५ अँगस्ट्रॉम. म्हणजे ३० अँगस्ट्रॉमच्या शीटवर आडवं टाकायला साधारण २० सेगमेंट. लोक १२ चा हेलिक्स घेतात आणि मग अर्धी शीट उघडी का म्हणून विचारतात.

माझ्या नावाप्रमाणे इटर्ना या असल्याच दुसऱ्या खेळाबद्दलही दोन ओळी लिहिते. तिथे प्रथिनाऐवजी आरएनए, अक्षरं चारच. सोपं वाटतं. पण देठात सगळीकडे जी-सी जोड्या कोंबल्या की तुकडे नको तिथे जुळतात. जी-सी देठाच्या टोकांना आणि लूपच्या तोंडाशी, मध्ये ए-यू मिसळायचं. चार अक्षरांच्या टोकाच्या लूपला जीएएए धरून चाला.

अर्धवटराव
वाखु (वाचनखूण) साठवली आहे.

शेंगदाणा
अवांतर: अफ्लाटॉक्सिनचं कोडं इथे कुणी खेळलं होतं का? २०१७ चं. भुईमूग आणि मका यांच्यावर ॲस्परजिलस बुरशी जे विष सोडते ते मोडणारं एन्झाइम सुधारायचं होतं. ओलसर साठवलेल्या शेंगा हा आपल्याकडचा जुना ताप आहे म्हणून विचारतोय.

क्षकिरण
डेव्हिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाची कोडी ती. त्यात साखळीची घडी बहुतेक गोठवलेली असते. खिशाच्या आसपासचे लूप आणि बाजूच्या साखळ्या बदलायच्या, म्हणजे विषाचा रेणू हवा तसा आत बसेल. नवखे खिसा इतका घट्ट करतात की रेणू आत जायला वाटच उरत नाही. स्कोअरला वाट दिसत नाही, बसलेला रेणू तेवढा दिसतो. एन्झाइमच्या कामात फोल्डइटचं जुनं उदाहरण २०१२ चं: डील्स-आल्डर अभिक्रिया घडवणाऱ्या कृत्रिम एन्झाइममध्ये खेळाडूंच्या आराखड्यावरून १३ सेगमेंटची भर घातली आणि क्रियाशीलता १८ पटींहून जास्त वाढली.

सांजसकाळ
सगळ्यांचे आभार. ताईंनी सांगितलेलं तपासलं.
पट्ट्या: १८–२४, २९–३५, ४१–४६. हेलिक्स ५०–६०.
पहिल्या दोन पट्ट्यांत हेलिक्सकडची बाजू नारिंगी आहे. तिसरीत उलटं: ४१, ४३, ४५ हेलिक्सकडे तोंड करतात आणि ते निळे आहेत. ४२ व्हॅलिन बाहेर. ४४ सिस्टिन, तेही बाहेर. ४० ल्युसिन लूपमध्ये आहे, पाण्यात लोंबतंय.
डायसल्फाइडच्या दोन जोड्या जमल्यात. तिसरी ४४ आणि ५५, सल्फरमधलं अंतर ९ अँगस्ट्रॉम.
सगळ्यात वाईट स्कोअर: ४०, ४२, ४४, ५५, ३७.

कुरडई
सापडलं. तिसरी पट्टी एका घराने सरकली आहे. ४०, ४२, ४४ ज्या जागांवर हवेत तिथे ४१, ४३, ४५ बसलेत. एका घराने चुकलं की तोंड फिरतं, म्हणून सगळी नारिंगी बाहेर गेली, आणि ४४ हेलिक्सकडे बघतच नाही तर ५५ ला भेटणार कसं? तुमच्या तीन तक्रारी म्हणजे एकच चूक आहे. दोन घरांनी चुकलं असतं तर रंग बरोबर दिसले असते आणि शोधायला जास्त त्रास झाला असता.

आत्ता तुमच्याकडे ४१ समोर ३५, ४३ समोर ३३, ४५ समोर ३१ आहे, बेरीज ७६. हवं आहे ४० समोर ३५, ४२ समोर ३३, ४४ समोर ३१, बेरीज ७५. मधला लूप ३६–४० होता तो ३६–३९ होईल, चार घरांचा. ३७-३८ मध्ये ग्लायसिन आहे का बघा, असेल तर वळण आरामात बसेल. पुढचा लूप ४७–४९ होता तो ४६–४९ होईल.

आता कृती. आधी क्विकसेव्ह. ३८-३९ मध्ये आणि ४७-४८ मध्ये कट मारा. कट लूपमध्येच, पट्टीत नको. ३९–४७ सोडून बाकी सगळं फ्रीझ. मग ४२–३३ आणि ४४–३१ असे दोन बँड (दोन सेगमेंट जवळ ओढणारे रबर), लांबी ५, ताकद १. ताकद जास्त ठेवली तर पट्टी सरकण्याऐवजी मोडते आणि आयडिॲलिटी (बंधांच्या लांबी-कोनांचा स्कोअर) लाल होते. इम्पॉर्टन्स ०.१ वर आणून दोन-तीन फेऱ्या विगल. पट्टी स्वतःभोवती अर्धी फिरायला हवी. नाही फिरली तर ट्वीक किंवा हाताने ओढून फिरवा. निळे-पांढरे पट्टे, म्हणजे हायड्रोजन बंध, दोन पट्ट्यांत दिसायला लागले की कट बंद करा, फ्रीझ काढा आणि बँड डिसेबल करा. हे शेवटचं लोक विसरतात. मग फ्यूझ. मग दोन्ही लूपांवर रीमिक्स.

पेप्टाइडपंत
कुरडईताईंना दंडवत. एक भर: कट बंद केल्यावर रामा मॅप, म्हणजे प्रत्येक सेगमेंटच्या कण्यातल्या दोन कोनांचा नकाशा, उघडा. ३६–३९ मधला एखादा ठिपका उजव्या अर्ध्यात गेला असेल आणि तिथे ग्लायसिन नसेल तर वळण चुकीचं आहे, रीमिक्सला परत पाठवा. हेलिक्सचे ठिपके उणे ६०, उणे ४५ च्या जवळ, पट्टीचे उणे १२०, अधिक १३० च्या जवळ. (हा नकाशा आपल्याकडचाच, मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन आणि सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये मांडलेला. खेळात त्याचं 'रामा' झालंय.)

टवाळखोर
म्हणजे कोडं अडलं की राम राम म्हणायचं.

लुआवाला
टवाळखोर यांना कुणीतरी फ्रीझ करा.
@सांजसकाळ, लूप झाले की आता डीआरडब्ल्यू सोडा. आता भिंत सरळ आहे, चुना मारायला हरकत नाही. काय ताई?

कुरडई
आता मारा.

सांजसकाळ
ग्लायसिन ३८ वर आहे. कट बंद केले तेव्हा स्कोअर ८७१० वर आला होता, पोटात गोळा आला. फ्यूझनंतर ९२९०. दोन्ही लूप रीमिक्स करून ९४१०. ४४–५५ जोडी आपोआप २.१ वर आली, तिला बँड लावावाच लागला नाही. रेसिपी आता सोडली आहे.

अल्फाफोल्डचं उत्तर क्षकिरण आणि मावशींकडून कळलं. डिझाइनच्या कोड्यांत त्याचं बटण दिसतं, ते कधी दाबायचं?

मावशी_आरएनए
आकार पूर्ण झाला आणि अमिनो आम्लं ठरली की. ते तुमचा क्रम घेतं आणि स्वतःच्या अकलेने घडी घालतं. मग दोन आकडे येतात: त्याला स्वतःची किती खात्री आहे आणि त्याची घडी तुमच्या घडीशी किती जुळते. खात्री जास्त, जुळणी कमी, असं आलं तर तुमचा क्रम दुसऱ्याच आकाराला जास्त आवडतोय. अशा वेळी त्याची घडी उतरवून शेजारी ठेवा, कोणता तुकडा पळाला ते बघा आणि तेवढ्याच तुकड्याचे सेगमेंट बदला. सगळं पाडून नव्याने सुरू करू नका.

सांजसकाळ
९४७२. ३७ अजून लाल आहे.

कुरडई
३६ ते ३९ परत रीमिक्स. आणि बँड डिसेबल केलेत का?

सांजसकाळ
...एक राहिला होता.